एकाच चढाईत प्रेम आणि सामना: क्रीडापट लिहायला बसलेल्या नवोदितांसाठी

नवोदितांनी लिहिलेल्या क्रीडापटांच्या पटकथा गेली काही वर्षं माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांची घडण सारखीच असते. एक सराव, एक भेट, एक सामना, एक गाणं, परत सराव. प्रेमाला आणि स्पर्धेला सारखा वाटा मिळावा म्हणून लेखकाने भावाभावांत शेत वाटावं तसा मधोमध बांध घातलेला असतो. वाचणारा बांधाच्या अलीकडे असला की पलीकडचं विसरतो, आणि पलीकडे गेला की अलीकडे काय पेरलं होतं ते त्याला आठवावं लागतं.

समतोल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तराजू येतो आणि आपण पानं मोजू लागतो. पटकथेत पानं मोजून काही साधत नाही. प्रेमाची चारच दृश्यं असलेला चित्रपट प्रेमकथा म्हणून मनात राहतो, आणि चाळीस दृश्यं असूनही नायिकेचं नाव आठवत नाही असंही होतं. मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात असं: प्रेम आणि स्पर्धा यांना वेळ वाटून देऊ नका, दोघांना एकाच निर्णयापाशी आणून उभं करा. पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हाताशी उदाहरण असलं की बोलणं सोपं जातं, म्हणून एक गोष्ट सोबत घेऊन चालू. सुनंदा, वय बावीस, कराडजवळच्या एका गावातली कबड्डीची चढाईपटू. जिल्ह्याच्या संघात निवड झाली, राज्य स्पर्धेत पदक मिळालं, तर खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून पोलीस भरतीचा रस्ता उघडतो. अमोल दिवसा पतसंस्थेत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचे सामने पंच म्हणून चालवतो. दोघांचं जमलेलं आहे आणि कुणाला माहीत नाही. एवढंच भांडवल.

पहिली पायरी: मणका कोणता ते ठरवा

क्रीडापटात प्रेम आहे की प्रेमपटात खेळ आहे, हे लिहायला बसण्याआधी ठरलेलं हवं. ओळखायची खूण सोपी आहे. शेवटचं दृश्य कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतं? 'जिंकले का' या प्रश्नाचं, की 'एकत्र आले का' या प्रश्नाचं?

'सैराट' (२०१६) सुरू होतो तो गावातल्या क्रिकेटच्या सामन्याने, कॉमेंट्रीसकट. पण तो क्रीडापट नाही. त्या सामन्यातून आपल्याला परश्या कळतो, त्याचे दोस्त कळतात, गावाचा आवाज कळतो, आणि खेळ आपलं काम करून बाजूला होतो. याच्या उलट टोकाला 'इक्बाल' (२००५). मुक्या-बहिऱ्या गोलंदाजाच्या त्या गोष्टीत त्याच्यावर जीव टाकणारी, त्याचे हातवारे जगाला समजावून सांगणारी व्यक्ती आहे त्याची बहीण. नायकाला प्रेयसी दिलेली नाही आणि ती नाही म्हणून कुठे काही रिकामं वाटत नाही. तुमच्या गोष्टीला प्रेम लागतच नसेल, तर ते 'पब्लिकला हवं असतं' म्हणून घालू नका. आई, बहीण, वस्ताद, जुना मित्र यांच्यापैकी कुणावरही तेवढाच जीव जडवता येतो.

सुनंदाच्या गोष्टीचा मणका स्पर्धा आहे. शेवटचा प्रश्न 'निवड झाली का' हाच राहील. हे एकदा ठरलं की पुढची भांडणं कमी होतात.

दुसरी पायरी: दोन्ही फांद्यांना एकच मूळ

माझ्या मते सगळं कसब याच पायरीत आहे. इथे चार दिवस गेले तरी चालतील.

तुमच्या पात्राला मैदानावर काय हवंय ते एका वाक्यात लिहा. प्रेमात काय हवंय ते दुसऱ्या वाक्यात लिहा. मग दोन्ही वाक्यांच्या खाली जाऊन एकच तिसरं वाक्य सापडतं का बघा. सापडलं नाही तर तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत, आणि त्या कितीही शिवल्या तरी शिवण दिसणार.

'रॉकी' (१९७६) बघा. फिलाडेल्फियातला एक साधा मुष्टियोद्धा, त्याला जगज्जेत्याशी लढायची संधी मिळते. वरवर पाहता त्याला जिंकायचं आहे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करणारी लाजाळू एड्रियन हवी आहे. लढतीच्या आदल्या रात्री तो रिकाम्या स्टेडियममध्ये फेरी मारून येतो, एड्रियनच्या शेजारी आडवा होतो आणि सांगतो की मी त्याला हरवू शकत नाही. मला फक्त १५ फेऱ्या उभं राहायचंय. तेवढं जमलं तर मी गल्लीतला कुणी फालतू माणूस नाही हे मला कळेल. लक्षात घ्या, अंतिम लढतीचा निकष कुठे ठरला? वस्तादासमोर नाही, पत्रकारांसमोर नाही. बिछान्यात, जिच्यावर प्रेम आहे तिच्याशेजारी. आपल्याला कुणीतरी मोजावं ही एकच भूक दोन्हीकडे आहे. म्हणून पुढच्या दिवशी पंचांचा निकाल विरुद्ध जातो तेव्हा तो निकाल नीट ऐकतही नाही, एड्रियनला हाका मारत राहतो, आणि आपल्यालाही तो हरल्यासारखा वाटत नाही.

आता सुनंदा. क्लबचे संघटक तिला येताजाता ऐकवतात, 'आम्ही घेतली म्हणून खेळतीस.' घरात, 'चुलत्यानं शब्द टाकला म्हणून घेतली.' तिचं मैदानावरचं वाक्य: मला निवडीच्या यादीत नाव हवं. प्रेमातलं वाक्य: अमोलने मला चारचौघांत आपली म्हणावं. खाली उतरलं तर दोन्हींचं मूळ एकच: मला माझ्या हक्काचं हवं, उपकाराचं नको.

हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. संवादात मात्र ते कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका.

तिसरी पायरी: प्रेमाच्या माणसाला मैदानात काम द्या

प्रेक्षकांत बसून ओढणीचं टोक चावणारी नायिका आपण खूप पाहिली. कॅमेरा तिच्याकडे वळतो, ती डोळे मिटते, नायक षटकार मारतो. तिच्या जागी दुसरी कुणीही बसली असती तरी चेंडू तिथेच पडला असता.

काम देणं म्हणजे काय ते 'लगान' (२००१) मध्ये फार छान दिसतं. एलिझाबेथ गावकऱ्यांना क्रिकेट शिकवते. ते शिकवताना ती भुवनच्या प्रेमात पडते, आणि तो तिच्या भावाच्याच विरुद्ध खेळणार असतो. म्हणजे तिचं प्रेम आणि तिचं कोचिंग एकच कृती आहे. पण माझा आवडता धागा लाखाचा. त्याला गौरी हवी असते. गौरीचा ओढा भुवनकडे आहे हे दिसल्यावर तो एलिझाबेथच्या भावाला, कॅप्टन रसेलला, जाऊन मिळतो आणि संघात घरभेदी होऊन राहतो. आता प्रयोग म्हणून गौरी पटकथेतून काढून बघा. लाखाला फितुरीचं कारण उरत नाही. फितुरी नाही म्हणजे पहिल्या दिवशी मुद्दाम सोडलेले झेल नाहीत. त्या रात्री गावाने त्याच्या जिवावर उठणं नाही, भुवनने त्याला दिलेली संधी नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याने एका हाताने घेतलेला झेलही नाही. सामन्याची अर्धी इमारत खाली येते.

ही चाचणी तुमच्या पटकथेला लावा. प्रेमाचं पात्र काढा आणि अंतिम सामना पुन्हा वाचा. एकही गुण इकडचा तिकडे होत नसेल तर ते पात्र अजून गोष्टीत आलेलं नाही.

अमोलला मी आधी पत्रकार केला होता. तो सुनंदाच्या बातम्या लिहायचा. गोड होतं, पण सामन्यात त्याचा काही उपयोग नव्हता. मग त्याला गुणलेखक केलं. टेबलाशी बसून तिच्या नावापुढे गुण मांडणारा. त्यापेक्षा पुढे जाऊन पंच केलं तेव्हा गोष्ट हलली, कारण कबड्डीचा पंच अगदी रेषेला लागून उभा असतो. तिचा पाय कुठे पडतो हे त्याच्याइतकं जवळून कुणीच बघत नाही.

चौथी पायरी: एकाच रात्री दोन गरजा

संघर्ष म्हणजे नायिकेचे वडील ओरडतात, असं नव्याने लिहिणाऱ्यांना वाटतं. वडिलांना राग येणं सोपं आहे. कठीण आहे ते दोन चांगल्या गोष्टी एकाच घड्याळाच्या काट्यावर आणणं.

'लव्ह अँड बास्केटबॉल' (२०००) हा चित्रपट बास्केटबॉलच्या सामन्यासारखा चार क्वार्टरमध्ये मांडलेला आहे. मोनिका आणि क्विन्सी शेजारी, लहानपणापासूनचे खेळगडी, पुढे एकाच विद्यापीठाच्या संघांत. एका रात्री क्विन्सी वडिलांच्या वागण्याने पार कोसळलेला असतो आणि तिने थांबावं असं त्याला वाटतं. मोनिकाला खोलीवर परतायची वेळ पाळायची असते, नाहीतर संघातली जेमतेम मिळू लागलेली जागा जाईल. ती निघते. यात खलनायक कुणीच नाही. तिचं निघणं बरोबर आहे आणि त्याचं दुखावणंही बरोबर आहे. प्रेक्षक दोघांच्या मधोमध अडकतो, आणि लेखकाला प्रेक्षक नेमका तिथेच हवा असतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. दोघंही खेळाडू असतील तर खेळ कुणाचा सुटतो याकडे लक्ष ठेवा. 'सुलतान' (२०१६) मध्ये आरफा आधीपासूनची कुस्तीपटू आहे, ऑलिम्पिक सुवर्णाचं स्वप्न तिचं आहे, आणि सुलतान कुस्तीकडे येतो तोच तिच्यासाठी. ती गरोदर राहते, तिचं स्वप्न थांबतं, तो पुढे जातो. चित्रपट या त्यागाची किंमत दाखवतो हे खरं. तो परदेशी असताना बाळ दगावतं आणि ती त्याला सहज माफ करत नाही. तरीही पुढची परतफेडीची गोष्ट त्याची होऊन जाते आणि आखाड्यातली आरफा मला शेवटपर्यंत हवी होती. बाईचा खेळ सुटणं ही आपल्याकडे रोज घडणारी गोष्ट आहे. शाळेत राज्य पातळीवर खो-खो खेळलेली मावशी किंवा वहिनी बहुतेक घरांत निघते. ते जरूर लिहा, पण सुटलेल्या खेळाचं वजन शेवटच्या पानापर्यंत जाणवू द्या.

आणि प्रेमाने खेळाडू बिघडतो ही जुनी समजूत लिहायची असेल तर ती जिथे खरी आहे तिथली लिहा. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या पोराच्या गोष्टीत 'लंगोटाचा पक्का' या दोन शब्दांतच सगळा संघर्ष तयार असतो. वस्तादाची शिस्त, हनुमानाची तसबीर, एका खोलीत झोपणारी पंधरा पोरं. तिथे मोबाईलवर आलेला एक मेसेजसुद्धा बंडखोरी आहे. पण शहरातल्या टेनिसपटूच्या गोष्टीत 'पोरीच्या नादाने हरला' असं आलं की ते उसनं वाटतं.

सुनंदाच्या गोष्टीत ही रात्र अशी येते. संभाव्य खेळाडूंच्या यादीत तिचं नाव लागतं. गल्लीत पेढे वाटले जातात. त्याच संध्याकाळी तिला कळतं की अमोलने निवड समितीतल्या एकाशी बोलून ठेवलं होतं. त्याने प्रेमापोटी केलं. पण ज्या एका गोष्टीची तिला आयुष्यभर चीड, तीच तिच्या माणसाने केली. ती त्याला भेटायला निघते आणि चित्रपटाचं मध्यंतर होतं.

मध्यंतर आपल्या चित्रपटांना असतंच, त्याचा वापर करा. पुष्कळ पटकथा मध्यंतराला उपांत्य सामना जिंकवून देतात. जिंकल्यावर माणूस निवांत वडापाव खातो. प्रेम आणि खेळ एकमेकांवर आदळले त्या क्षणी दिवे लागले, तर तो परत जागेवर येतो तो काहीतरी विचार करत.

पाचवी पायरी: दोन रंगांची कार्डं

हे काम हाताने करा. खेळाची दृश्यं पिवळ्या कार्डांवर, प्रेमाची हिरव्या कार्डांवर, एका कार्डावर एकच वाक्य. फरशीवर मांडा. पिवळं-हिरवं-पिवळं-हिरवं असा बुद्धिबळाचा पट दिसला तर वर सांगितलेला बांध अजून तिथे आहे असं समजा. आता प्रत्येक हिरवं कार्ड उचलून विचारा, हे दृश्य मैदानावरच घडू शकतं का? सरावानंतर मॅट गुंडाळताना? एसटीत संघाच्या बॅगांवर बसून? जमलं तर दोन्ही रंग एका कार्डावर येतात. माझ्या अनुभवात साधारण एक तृतीयांश हिरवी कार्डं अशी विरघळतात आणि पटकथा आपोआप आटोपशीर होते.

सलग पाच-सहा पिवळी कार्डं आली तर घाबरू नका. स्पर्धा तापली की प्रेम मागे जाणारच, आयुष्यातही जातं. फक्त त्या काळात त्याची एखादी वस्तू डोळ्यांसमोर राहू द्या. अमोलची शिट्टी सुनंदाच्या पिशवीत राहून गेलीय, ती दोनदा दिसली की पुरे.

एक नियम मात्र मी कडक पाळतो. अंतिम सामन्यात प्रेमाची नवी माहिती आणायची नाही, आधी पेरलेलीच उगवायची. 'चॅलेंजर्स' (२०२४) मध्ये अख्खा चित्रपट एका टेनिस सामन्याभोवती फिरतो. पूर्वी, दोस्ती असताना, एकाच मुलीवर जीव जडलेल्या दोन मित्रांमध्ये एक खूण ठरलेली असते. सर्व्ह करण्याआधी चेंडू रॅकेटच्या गळ्याशी टेकवला तर त्याचा अर्थ, 'त्या मुलीबरोबर मी रात्र काढली.' वर्षं जातात, मैत्री तुटते, ती मुलगी त्यातल्या एकाची बायको होते. आणि त्या दोघांचाच सामना ऐन रंगात असताना समोरचा मित्र चेंडू उचलतो आणि रॅकेटच्या गळ्याशी धरतो. संवाद नाही, पार्श्वभूमीला रडणं नाही. एका हालचालीत गुण, लग्न आणि मैत्री तिन्ही पणाला लागतात. ती खूण आधी पेरली नसती तर तो साधा सर्व्ह होता.

सहावी पायरी: सामन्याच्या फटी शोधा

प्रत्येक खेळाची घडण वेगळी, आणि प्रेमाला जागा त्या घडणीतच मिळते. सामना थांबवून आठवणीत जाणं हा आळस आहे. खेळ आपणहून कुठे थांबतो ते बघा. 'लगान'चा सामना ३ दिवसांचा आहे, म्हणून मध्ये रात्री येतात, आणि लाखाची फितुरी एलिझाबेथकडून भुवनला कळते ती पहिल्या दिवसानंतरच्या रात्री. क्रिकेटमध्ये षटकांच्या मध्ये जागा आहे, बॉक्सिंगमध्ये फेऱ्यांच्या मध्ये कोपऱ्यातलं स्टूल आहे, टेनिसमध्ये बाजू बदलताना खुर्ची आहे. धावण्याच्या शर्यतीत जागाच नाही, तिथे सगळं शर्यतीआधी उरकावं लागतं.

कबड्डीत काय आहे? चढाई ३० सेकंदांची. मध्यांतर ५ मिनिटांचं. आणि एक फार सुंदर गोष्ट: बाद झालेला खेळाडू बाहेर जाऊन बसतो, आणि त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला की बाद झालेल्यांतला पहिला परत आत येतो. स्वतःच्या हाताने परत येता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी उठवावं लागतं. सुनंदा बाद होऊन बाहेर बसलीय आणि ज्या मुलीशी तिचं पटत नाही तिच्याच चढाईची वाट बघतेय, एवढ्यात तुमच्या गोष्टीचं मर्म लेखकाने काही न बोलता पडद्यावर येतं. उपकाराची चीड असलेल्या मुलीला खेळाचा नियमच शिकवतो की उठवणं म्हणजे उपकार नव्हे. ज्या खेळावर लिहिताय त्याचं नियमपुस्तक दोनदा वाचा. असे नियम गावच्या स्पर्धेत मॅटशेजारी बसून बघितल्याशिवाय लक्षात येत नाहीत, म्हणून तिथेही जा. मोबाईल खिशात ठेवून.

सातवी पायरी: बोला खेळाबद्दल, म्हणा दुसरंच

'रॉकी'तली पहिली भेट परत बघा. बर्फावर घसरायची रिंक बंद झालेली. रॉकी रखवालदाराला १० डॉलर देतो, १० मिनिटं मिळतात. चित्रपटाचं बजेट बेताचं होतं, गर्दी परवडली नाही म्हणून रिंक रिकामी आहे, आणि त्या रिकामेपणानेच दृश्य उभं राहिलं. एड्रियन स्केट्सवर अडखळत फिरतेय, तो साध्या बुटांत तिच्या बाजूने चालतोय आणि रखवालदार लांबून ओरडून उरलेली मिनिटं सांगतोय. म्हणजे प्रेमाच्या भेटीलाही फेरीचं घड्याळ लावलंय. रॉकी सांगतो, वडील म्हणायचे तुला डोकं फारसं नाही, तेव्हा अंग कमव. ती सांगते, तिची आई उलट म्हणायची, अंग नाही तेव्हा डोकं वापर. 'आवडतेस' हा शब्द कुणी काढत नाही. दोन कमी लेखलेली माणसं एकमेकांना सापडली हे आपल्याला कळतं.

तुमच्या प्रेमाच्या प्रत्येक दृश्यात घड्याळ आणि काहीतरी हातातलं काम ठेवा. अमोल आणि सुनंदाची पहिली भेट मी अशी लिहिली. सामना संपलाय, मंडपवाल्याची माणसं खुर्च्या उचलतायत, जनरेटर बंद व्हायला पाच मिनिटं आहेत. ती मॅटच्या कडेला बसून घोट्याची चिकटपट्टी सोडवतेय.

"बोनस दिला न्हाईस."
"मागचा पाय उचलला नव्हतास."
"उचलला व्हता."
"बोटं टेकली व्हती."
"किती बोटं?"
"दोन."
ती पट्टी सोडवायची थांबते. "माझी बोटं मोजत बसतोस व्हय रं?"

जनरेटर बंद. अंधार. एवढंच. यात त्यांचं नियमांवरून भांडण आहे, तो तिच्याकडे किती बारकाईने बघतो ते आहे, आणि तो तिला फुकटचा गुण देत नाही हेही आहे. ही शेवटची गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

गाण्याबद्दल थोडकंच. सराव आणि प्रेम एकाच गाण्यात घालण्याची आपल्याकडे सवय आहे, त्यात वावगं काही नाही. मात्र गाण्याच्या आधी जिथे होते त्यापेक्षा गाण्यानंतर दोघं वेगळ्या जागी असली पाहिजेत. काहीच बदललं नसेल तर संकलक ते कापणार आहेच, तुम्हीच आधी कापा.

आठवी पायरी: शेवटी कोणती गाठ आधी सुटते

मणका स्पर्धेचा असेल तर प्रेमाची गाठ एक तर निकालाच्या क्षणीच सुटते, नाहीतर निकालानंतर, अगदी थोडक्यात. निकालाच्या आधी सुटली तर सामना पोकळ होतो, कारण प्रेक्षक निम्मा घरी पोचलेला असतो. 'चक दे इंडिया' (२००७) मध्ये प्रीती आणि कोमल यांची गोल कुणी करायचा यावरून चुरस असते. प्रीतीचा होणारा नवरा क्रिकेटपटू आहे आणि तिची हॉकी त्याच्या लेखी क्षुल्लक. अंतिम सामन्यात कोमल स्वतःचा मोह आवरून चेंडू प्रीतीकडे देते. नंतर प्रीती त्या लग्नाला नकार देते. तिचा नकार म्हणजे त्या गोलाचंच पुढचं पाऊल आहे. आणि हेही बघा, प्रेमकथा 'नाही' म्हणून संपली तरी पूर्ण होते.

माझी शेवटची चढाई तीन मसुद्यांतून गेली. ती इथे सांगतो, कारण चूक कुठे होते ते त्यातून दिसेल.

परिस्थिती अशी. निवड चाचणीचा शेवटचा सामना, शेवटची चढाई, एका गुणाने मागे. सुनंदा आत शिरते, कोपऱ्यातल्या मुलीला चकवायला कडेला जाते आणि स्पर्श होण्याआधीच तिच्या टाचेचा कोपरा बाजूच्या लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, टेकतो. नियमाने बाद. त्या कडेला अमोल उभा आहे. पलीकडच्या पंचाला मध्ये माणसं असल्याने दिसलेलं नाही. ती पुढे जाऊन दोघींना स्पर्श करून परतते. मैदान डोक्यावर घेतलंय.

पहिल्या मसुद्यात अमोल गप्प राहत होता आणि सुनंदा स्वतः हात वर करत होती. ती मोठी झाली, पण तो लहान झाला. त्याने दुसऱ्यांदा उपकार केला. असल्या माणसाशी तिने का राहावं हे मला पटवता येईना. दुसऱ्या मसुद्यात अमोल तिला बाद देतो आणि ती पंचांशी वाद घालते. तो मोठा झाला, ती हट्टी दिसू लागली, आणि शेवटचा निर्णय नायिकेच्या हातून गेला. हे चालणार नाही. शेवटचा निर्णय मुख्य पात्राचाच हवा, गोष्ट कितीही सुंदर का असेना.

तिसऱ्या मसुद्यात ती मध्यरेषा ओलांडून येते, सोबतच्या मुली तिच्या अंगावर उड्या घेतात, ती त्यांच्यातून मान काढून कडेकडे बघते. अमोलचा हात वर जातोय. तिचाही. कॅमेरा इतका लांब ठेवलाय की दोघं एकाच चौकटीत दिसतात, मध्ये तेरा-चौदा माणसं, आणि दोन हात वर. आधी कुणाचा गेला हे सांगता येत नाही. सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, दोघांकडे बघतो आणि शिट्टी मारतो.

प्रेम आणि स्पर्धा इथे एकाच चौकटीत आली. संवाद एकही नाही. पहिल्या भेटीतली दोन बोटं इथे पिकली, मध्यंतराचं भांडण इथे मिटलं, आणि सामना हरला.

त्यानंतर फार वेळ घ्यायचा नाही. संध्याकाळी यादी वाचली जाते. मुख्य संघात तिचं नाव नाही. राखीव खेळाडूंमध्ये येतं, आणि या खेपेला कुणाचा शब्द पडलेला नाही. मग तीच मॅट, तेच मंडपवाले, तोच जनरेटर. ती चिकटपट्टी सोडवतेय. तो येऊन शेजारी बसतो, उजेडात, खुर्च्या उचलणाऱ्या सगळ्यांच्या देखत.

"टाच टेकली व्हती," ती म्हणते.
"बघितली मी."